भावना मधे आल्या नसत्या तर आपण जास्त शहाण्यासारखे वागलो असतो का?

भावनांमुळे निर्णय चुकतात, मग त्यांचा उपयोग तरी काय, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते भावना नसत्या तर बरेचसे निर्णय झालेच नसते.

मेंदूचे अभ्यासक अँटोनियो दमासिओ यांनी एका रुग्णाची हकिगत लिहिली आहे. कपाळामागच्या मेंदूला इजा झालेली, पण बुद्धी शाबूत. पुढच्या भेटीसाठी त्याला दोन तारखा सुचवल्या. त्याने डायरी काढली आणि जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांचे फायदे-तोटे मांडत बसला: आधी ठरलेली कामं, लागून असलेल्या इतर भेटी, अगदी हवामानसुद्धा. अखेर दमासिओंनीच दुसऱ्या तारखेला या म्हटल्यावर तो ‘ठीक आहे’ म्हणाला, डायरी मिटली आणि निघून गेला. त्याचा एकही मुद्दा चुकीचा नव्हता. पण एवढ्याशा गोष्टीवर किती वेळ घालवायचा, समोरचा ताटकळतोय, ही जी टोचणी आपल्याला आतून लागते, ती त्याला लागलीच नाही. तर्काने पर्याय कितीही मांडता येतात. त्यातलं काय महत्त्वाचं, हे कळायला काहीतरी वाटावं लागतं.

भीतीचं काम तर उघडच आहे. काळीज धडधडतं, रक्त स्नायूंकडे धावतं, पळायची तयारी आधी होते आणि विचार मागून येतो. एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका बाईंच्या मेंदूतले दोन्ही अमिग्डाला, म्हणजे भीतीशी जोडले जाणारे मेंदूचे छोटे भाग, आजारामुळे निकामी झाले होते. सापाला हात लावताना त्यांना भीती नव्हे, कुतूहल वाटलं. अशा माणसाला धोक्यापासून लांब राहायला शिकवणं फार अवघड जातं. मात्र 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगताच त्याच बाई घाबरून कासावीस झाल्या. म्हणजे श्वास कोंडल्याची भीती वेगळ्या वाटेने येते. मेंदूत भीतीचं एकच बटण असतं, हे वारंवार ऐकू येणारं विधान म्हणूनच मला पटत नाही.

किळस आपल्याला सडक्या, रोगट गोष्टींपासून दूर ठेवते. दुःखाचं काम सहज दिसत नाही, पण रडणारं माणूस दिसलं की आपण थांबतो, विचारपूस करतो. मदत मागायचे शब्द सुचत नसतानाही ती मागितली जाते.

भावना चुकतात, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. वरिष्ठांचा तुटक मेसेज आला तरी शरीर अंगावर कुणी धावून आल्यासारखी तयारी करतं. पण म्हणून चेहरा कोरा ठेवून राग गिळू नका. तसं केल्याने राग कमी होत नाही, आतला ताण मात्र वाढतो. त्यापेक्षा नेमकं काय लागलं ते शब्दांत मांडून बघा: अपमान वाटला, की नोकरीची धास्ती? दोन्हींना द्यायचं उत्तर वेगळं असतं, आणि ते शरीर शांत झाल्यावर दिलेलं बरं.