रुंद टायर, कापलेलं मडगार्ड आणि अडलेलं पासिंग

प्रश्न : वडिलांची 1973 सालची फियाट आता माझ्या नावावर आहे. मी सांगलीत राहतो. दिवाळीत गॅरेजवाल्याने अलॉय व्हील आणि 185 चे टायर टाकले. ते घासायला लागले म्हणून मागच्या मडगार्डची कड ग्राइंडरने कापली. जानेवारीत आष्टा रस्त्याला गाडी कडेला उभी असताना उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने मागून ठोकली. फुल इन्शुरन्स असूनही 'गाडीत बदल केलेत' म्हणून कंपनीने क्लेम नाकारला. मार्चअखेर आरसीची मुदत संपत होती, पासिंगला नेली तर इन्स्पेक्टरने 'मूळची करून आणा' म्हणून परत पाठवली. आणि चाकांच्या जुन्या डिस्क गॅरेजवाल्याने भंगारात घातल्यात. काय करू?

उत्तर : तुम्ही सगळा राग टायरवर काढला आहे. मला काळजी ग्राइंडरची वाटते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीमधला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. परवानगी नसलेल्या बदलाला कलम 182अ (4) प्रमाणे प्रत्येकी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

आता तुमचं आरसी बुक उघडा. टायरचा आकार हा तपशील व्यापारी वाहनांच्या नोंदणीत भरून घेतात, खासगी मोटारीच्या आरसीत तो बहुधा नसतोच. मग 'आरसीतला कोणता तपशील बदलला?' असा मुद्दा वकिलाला मांडता येतो. मांडायला तो बरा आहे, पण त्यावर मी गाडी पणाला लावणार नाही. मूळ टायर 5.20-14, म्हणजे 5.20 इंच, नावाला 132 मिलिमीटर रुंद. 185 चा त्यापेक्षा चाळीस टक्के रुंद झाला. इन्स्पेक्टरच्या डोळ्यांना ते लांबूनच दिसतं, आणि टायरच्या आकारासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगळा नियम 95 आहेच. त्याने तोंडी परत पाठवलं असेल तर कारण लेखी मागा. लेखी आदेशावर 30 दिवसांत अपील करता येतं. पण भांडत बसण्यापेक्षा मूळ मापाच्या डिस्क आणि टायर शोधणं स्वस्त पडेल. मुंबई-पुण्यात जुन्या फियाटचे भाग विकणारे अजून आहेत. आरसीची मुदत संपली आहे, त्यामुळे गाडी चालवत पासिंगला नेऊ नका, टोइंगवर न्या.

मडगार्डची कड मात्र नीट वेल्डिंग करून, पत्रा पूर्ववत करून घ्या. कापलेल्या आणि जोडलेल्या अवस्थेचे फोटो ठेवा. हे मी केवळ पासिंगसाठी सांगत नाही. 2021 च्या जुलैपासून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली गाडी चालते, तुमची 2023 मध्येच बसली. अट अशी की चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठी फेरफार नको. चाकं चार बोल्टांत बदलता येतात, कापलेला पत्रा तसा परत येत नाही. पहिली नोंदणी 20,000 रुपयांना, दहा वर्षांसाठी, आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. विश्रामबागला भाजी आणायला ती चालणार नाही. रोज फिरवणार असाल तर साधी नोंदणीच बरी.

क्लेमबद्दल. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, जी तुम्ही सहज लिहून गेलात : अपघात जानेवारीतला, आरसी मार्चपर्यंत चालू. हे उलटं असतं तर मी तुम्हाला फार आशा दाखवली नसती. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये म्हटलं आहे. बदलाचं तसं नाही. 1996 च्या बी. व्ही. नागराजू प्रकरणात गाडीत जास्त माणसं होती, पण त्यांच्यामुळे अपघात झाला नव्हता, म्हणून न्यायालयाने कंपनीला पैसे द्यायला लावले. तुमची गाडी तर उभी होती. रुंद टायरने ट्रॉलीला ओढून घेतलं, असं कोणी म्हणणार नाही. सर्व्हेयरच्या अहवालाची प्रत लेखी मागा आणि त्यात अपघाताचं कारण काय लिहिलंय ते पाहा. पूर्ण रक्कम मिळेलच असं नाही. पॉलिसीची अट मोडली असेल तेव्हा 75 टक्क्यांवर तडजोडीने मिटवायला 2010 च्या अमलेंदू साहू निकालाचा आधार घेतात. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. तिथे काही झालं नाही तर पुण्याचे विमा लोकपाल किंवा सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. लोकपालांकडे एक वर्षाची मुदत, आयोगाकडे दोन वर्षांची.

डिस्कचं सोपं आहे. दुरुस्तीला दिलेली वस्तू गॅरेजवाल्याकडे ठेव असते. ती सांभाळून परत द्यायची जबाबदारी करार कायद्याप्रमाणे त्याचीच. 'जुना माल आमचा' असं बिलावर किंवा जॉबकार्डवर लिहून तुमची सही घेतली आहे का, एवढं बघा. नसेल तर नोटीस द्या. मडगार्डची दुरुस्ती आणि डिस्कची किंमत दोन्ही त्यात मागा. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही.

ट्रॅक्टरबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिली नाही. नंबर, मालक, विमा, पोलिसांत नोंद, यातलं काही हाताशी असेल तर सांगलीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्याच्या विमा कंपनीकडून नुकसानभरपाई मागता येते. मात्र अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो, आणि तुमचे काही महिने आधीच गेलेत.