सुरूला सुया आणि शंकू असूनही तो पाइनच्या गटात का नाही?

किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात सुया दिसतात, शंकूही सापडतात, मग पुस्तकं सुरूला सपुष्प का म्हणतात, असा तुमचा प्रश्न आहे. पानावर जाऊ नका. हा भेद बीजांड, म्हणजे ज्याचं पुढे बी होतं ते, कुठे असतं त्यावरून ठरतो. पाइन, देवदार अनावृतबीजी आहेत. त्यांचं बीजांड शंकूच्या खवल्यावर उघडं असतं आणि वाऱ्याने आलेला परागकण थेट त्याच्यापाशी पोचतो. आंबा, साग, सुरू आवृतबीजी, म्हणजेच सपुष्प. यांचं बीजांड अंडाशयात बंद असतं, पराग फुलातल्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकावर, पडतो आणि पुढे अंडाशयाचं फळ होतं.

आता सुरूची ओली काडी दोन्ही हातांनी ओढून बघा. ती सांध्यावर सुटते, कारण ती सुई म्हणजे पान नव्हेच, बारीक हिरवी फांदी आहे. खरी पानं प्रत्येक सांध्यावर सात-आठ दातांच्या कड्याएवढीच उरलीत. दहापट भिंग पुरतं. चीड पाइनची सुई खरं पान असते, तीन-तीनच्या जुडीत येते आणि तिला सांधे नसतात.

शंकूसाठी झाडावरचा पिकलेला पण मिटलेला घ्या आणि कागदाच्या पुडीत वाळू द्या. जमिनीवरचे बहुतेक आधीच रिकामे झालेले असतात, तिथेच लोक फसतात. चोचीसारख्या फटींतून एकेक पंखाचा दाणा निघेल. तो बी नाही, अख्खं फळ आहे. बीभोवती अंडाशयाची भिंत असते. रोपवाटिकेत 'सुरूचं बी' म्हणून पेरतात तेही हेच. पाइनच्या खवल्यावर मात्र वरच्या अंगाला दोन बिया नुसत्याच ठेवलेल्या दिसतात.

फूल ओळखायला अवघड, कारण वाऱ्यावर परागण होत असल्याने पाकळ्या नाहीतच. नरफुलात एकच पुंकेसर, मादीफुलांचा लालसर झुपका. एवढ्या साधेपणामुळे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लरने सुरूला द्विदलांच्या अगदी आरंभी बसवलं होतं. आज तो साधेपणा आदिम नाही, नंतर झडून आलेला मानतात, आणि सुरूचं कुल ओक, बर्च, अक्रोड यांच्याच गणात, फागेलीसमध्ये येतं.

उलटं उदाहरण बागेतली मोरपंखी. सुई एकही नाही, पानं खवल्यांसारखी चपटी, तरी ती अस्सल शंकुधारी. सायकस आणि गिंको अनावृतबीजी आहेत, पण शंकुधारी वृक्षांत मोडत नाहीत. 'अनावृतबीजी म्हणजे सूचिपर्णी' हे समीकरण परीक्षेत हमखास गुण घालवतं. बेंथम-हूकर या जुन्या वर्गीकरण पद्धतीत अनावृतबीजी द्विदल आणि एकदल यांच्या मधे ठेवलेले दिसतात. तो क्रम उत्तरात त्या पद्धतीच्या नावानेच लिहा, आजचा म्हणून नको.

लाकडाच्या कठीणपणावरूनही ठरवू नका. काडेपेटीच्या काड्यांची सावर मऊ असूनही सपुष्प आहे. आडवा छेद धारदार पात्याने गुळगुळीत कापून भिंगाखाली धरा. वाहिन्यांची, म्हणजे पाणी वाहणाऱ्या रुंद नळ्यांची, भोकं दिसली तर झाड जवळजवळ नक्की सपुष्प. शंकुधारी लाकडात नुसत्या वाहिनिका, म्हणजे पाणी वाहणाऱ्या अरुंद पेशी, असतात, आणि पाइनसारख्यांत राळेच्या नलिकांची तुरळक भोकं दिसतात, ती वाहिन्या समजू नका.