मोठा पंखा बसवला, तर गाडी घाट चढेल का?

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत : टर्बोचा पंखा मोठा करावा का? टर्बोत पंखे दोन असतात. एक सायलेन्सरच्या बाजूचा, जो धुराच्या जोरावर फिरतो. दुसरा त्याच शाफ्टवर, ॲल्युमिनियमचा, जो इंजिनात हवा कोंबतो. प्रश्न या दुसऱ्याबद्दल आहेत, म्हणून खाली नुसतं 'पंखा' म्हटलंय तिथे तोच समजा.

प्रश्न : माझी 2518 (ट्रक) आहे, 5.9 लिटरचं सहा सिलिंडर इंजिन. पुण्याहून सळई भरून कराडला येताना खंबाटकीत ती दुसऱ्या गिअरवर येते. मेस्त्री म्हणतात, पंखा चार-पाच मिलिमीटर मोठा घालू, डिझेलचा पंप थोडा वाढवू, मग तिसऱ्यात चढेल. करून घेऊ का?

उत्तर : नको. का नको, ते हिशेबानेच दाखवतो.

तुमचं इंजिन 2500 आरपीएमला मिनिटाला साधारण 7,400 लिटर हवा ओढतं. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाही, म्हणून दहा टक्के वजा करा. समजा बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, 1 बार आहे आणि इंटरकूलरमधून (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) हवा 55 अंशांवर बाहेर येते. तर मिनिटाला सुमारे 14 किलो हवा आत जाते. 180 अश्वशक्ती काढायला तेवढ्या वेळात डिझेल लागतं अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणजे एक भाग डिझेलला अठ्ठावीस भाग हवा. काळा धूर सुरू होतो तो हे प्रमाण विसाच्या खाली गेल्यावर. वरच्या आरपीएमला तुमच्या गाडीला हवा कमी पडतच नाही. आणि डिझेल इंजिनात नुसती हवा वाढवून ताकद वाढत नाही, ताकद डिझेलची.

हवा कमी पडते ती खाली. चढावर गाडी दमून 1300 वर आली, की धूर कमी, म्हणून टर्बो मंद, म्हणून बूस्ट कमी. पंप मात्र दर स्ट्रोकला जवळजवळ तेवढंच डिझेल देत असतो. मोठा पंखा नेमकं इथेच दुखणं वाढवतो. घडण तीच ठेवून व्यास दहा टक्के वाढवला, तर पंखा फिरवायला साठ टक्के जड होतो, आणि धुराकडचा पंखा तर तोच, तेवढ्याच ताकदीचा. गाडी जिथे अडते तिथे हवा आणखी उशिरा येणार.

आता त्या पैशात काय करायचं ते सांगतो. इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणारा पाइप) टी-जोड लावून 0 ते 2 बारचा गेज बसवा आणि भरल्या गाडीने घाट चढून बघा. बूस्ट कमी दिसला तर आधी इंटरकूलर आणि त्याचे होज तपासा. दोन्ही तोंडं बंद करून कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि साबणाचं पाणी मारायचं, पंक्चरवाला मारतो तसं. माझ्याकडे 'टर्बो गेला' म्हणून येणाऱ्या गाड्यांत टर्बो धडधाकट आणि होजची क्लिप ढिली, हा प्रकार नेहमीचा. नंतर एअर फिल्टर. नंतर एक्झॉस्ट ब्रेकची (धूर अडवून गाडीचा वेग कमी करणारा ब्रेक) झडप पूर्ण उघडते का ते, कारण ती अर्धवट अडकली तर इंजिन आपलाच धूर गिळत बसतं.

हे सगळं ठीक निघालं, तर काट्याची पावती बघा. 2518 मधला 25 हा गाडी आणि माल मिळून एकूण वजनाचा, टनांतला आकडा आहे आणि 18 म्हणजे 180 घोडे. पावतीवर 33 टन असतील आणि ते घोडे तिसऱ्यात चढत नसतील, तर हा टर्बोचा दोष नाही. रोजचाच घाट असेल तर क्राउन-पिनियनचा (मागच्या ॲक्सलमधले गिअर) रेशो बदलण्याबद्दल विचारा. वरचा वेग थोडा जाईल, पण चढावर खरा फरक पडेल.

प्रश्न : आम्ही मोठा पंखा बसवून बसलो आहोत! 2000 आरपीएमच्या वर गाडी पळते, पण भिवंडीहून भरून येताना कसारा घाटात काळा धूर ओकते. चढावर मधेच टर्बोतून फुरफुर आवाज येतो. टर्बो फुटेल का? (नाशिक)

उत्तर : घोडा फुरफुरतो तसा आवाज ना? त्याला सर्ज म्हणतात. पंखा दाब तयार करतो, पण कमी आरपीएमला इंजिन तेवढी हवा गिळू शकत नाही. हवा पंख्यातूनच उलटी फिरते, पुन्हा पुढे जाते, पुन्हा उलटते, सेकंदाला अनेकदा. प्रत्येक धक्का शाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं बेअरिंग) बसतो. टर्बो आज फुटणार नाही, पण बेअरिंगचं आयुष्य झपाट्याने कमी होतंय.

तुमच्या पंख्याचं माप काढून घ्या. हवा आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास भागिले मागचा मोठा व्यास, त्याचा वर्ग, गुणिले शंभर. याला ट्रिम म्हणतात. 52 आणि 70 मिलिमीटर असतील तर ट्रिम 55. नुसता 'मोठा' या शब्दाला अर्थ नाही. तोंड मोठं केलं का मागचा व्यास मोठा केला, यावर पंख्याचा स्वभाव ठरतो, आणि हे न विचारताच माल विकला जातो.

धुराचं कारण वेगळं. पंखा बदलताना तुमचा पंपही वाढवला असणार, मेस्त्री क्वचितच एक करून थांबतात. जास्तीचं डिझेल, उशिरा येणारी हवा, म्हणून काळा धूर. धुरापेक्षा मला काळजी उष्णतेची आहे. लांब चढावर टर्बोच्या आधीचं एक्झॉस्टचं तापमान 700 अंशांच्या वर सतत राहिलं तर ॲल्युमिनियमचा पिस्टन फार दिवस सोसत नाही. पायरोमीटर (हे तापमान दाखवणारा गेज) लावून स्वतः बघा. पंप पुन्हा मूळ कॅलिब्रेशनवर आणा आणि मूळ मापाचा पंखा परत घाला. पंख्याचे पैसे गेले असं समजा. हेडचं काम निघालं तर त्याच्या कितीतरी पट जातील.

प्रश्न : जुन्या टर्बोचा फक्त पंखा बदलला, हाउसिंग तेच. आता बारीक शिट्टी वाजते आणि इंटरकूलरच्या पाइपात ऑइल सापडलं. सील खराब निघालं का?

उत्तर : सीलला शिव्या देण्याआधी विचारा, बॅलन्सिंग केलं होतं का? 70 मिलिमीटरचा पंखा 1,20,000 आरपीएमला फिरतो तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला 440 मीटर असतो, आवाजापेक्षा जास्त. तिथे ग्रॅमच्या छोट्याशा भागाचा असमतोलही शाफ्ट हलवतो. नवा पंखा बसवल्यावर पूर्ण कार्ट्रिज (शाफ्ट, बेअरिंग आणि दोन्ही पंखे मिळून) मशीनवर, वेगात फिरवून बॅलन्स करावी लागते. बोटाने फिरवून 'मक्खन आहे' म्हणणं म्हणजे बॅलन्सिंग नव्हे.

हाउसिंगही नव्या पंख्याच्या आकाराला लेथवर नेमकं उतरवावं लागतं. फट जास्त राहिली तर हवा मागे गळते, कमी राहिली तर पंखा घासतो. तुमची शिट्टी घासण्याची असू शकते. पाइप काढून पात्यांच्या टोकांना चमक आली आहे का बघा. आली असेल तर गाडी तिथेच उभी करा. पात्याचा तुकडा इंटरकूलरने अडवला तर नशीब. आणि पंख्याचा नट कुणी दाबून फिरवला असेल तर तेही तपासा, कारण अनेक टर्बोंत त्याचे आटे उलटे असतात.

प्रश्न : बीएस-6 गाडीत हे करता येईल?

उत्तर : नाही. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बूस्ट आणि हवेचा हिशेब सतत मोजतो, आकडे जुळले नाहीत की ताकद कापतो. मागे धूर साफ करायला डीपीएफ (काजळीचा फिल्टर) आणि युरियाची यंत्रणा बसलेली असते, तिचंही गणित बिघडतं. शिवाय गाडीत परवानगीबाहेरचा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकू शकतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये असतो. माझा 2000 सालचा फोर्ड पिकअप आहे, 7.3 लिटर पॉवर स्ट्रोक. चिप (डिझेल वाढवणारी) बसवल्यापासून ट्रेलर ओढताना टर्बो फुरफुरतो. इथे सगळे पंखा बदला म्हणतात. तुमचं मत?

उत्तर : बदला. वरचं सगळं वाचून तुम्ही 'नको' ऐकायच्या तयारीत असाल, पण तुमचं दुखणं उलटं आहे. चिपमुळे इंजिन खालच्या आरपीएमलाच भरपूर डिझेल जाळतं, टर्बो लवकर जागा होतो, आणि मूळ पंखा सर्जमध्ये शिरतो. तिथे मिळणाऱ्या पंख्यांत पात्यांची रचना वेगळी असते. कमी हवेवरही ते दाब न सोडता चालतात. खरेदी करताना 'किती मोठा' हे विचारू नका, 'सर्ज किती मागे सरकतो' हे विचारा. बसवण्याआधी शाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलाई, मोजा. पुढे-मागे हलताना हाताला जाणवत असेल तर पूर्ण कार्ट्रिजच घ्या.

प्रश्न : गाडी बंद करण्याआधी इंजिन चालू ठेवायचं, हे खरं की जुनी समजूत?

उत्तर : खरं. घाट चढून लगेच ढाब्यावर चावी फिरवली की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या शाफ्टवर उरलेलं ऑइल जळून कोळसा होतं. दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा. शेवटचे दोन किलोमीटर सपाटीवरून हळू आला असाल, तर अर्धं मिनिट पुरतं.