वाफ्यातला लव्हाळा गाठी काढल्याशिवाय जात नाही

ताई, तुमचं म्हणणं असं की कोथरूडच्या घरामागे १० बाय ४ फुटांचा भाजीचा वाफा आहे, दर रविवारी खुरपून काढता, आणि पुढच्या रविवारी तण पुन्हा तेवढंच उभं असतं. कुणी मीठ टाका म्हणतंय, कुणी तणनाशक मारा, कुणी प्लॅस्टिक अंथरा. वाफा बंद करून फरशी घालावी का, इथपर्यंत तुम्ही आला आहात. फरशी घालू नका. वाफा सुटेल, फक्त कामाची पद्धत बदलावी लागेल.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. कडेला हरळी आहे, मध्ये थोडा केना आणि आंबुशी आहे, पण तुमचं खरं दुखणं लव्हाळा, हे गवतासारखं दिसणारं तण आहे. खात्री करायची तर एक दांडा दोन बोटांत धरून फिरवा. गवताचा दांडा गोल किंवा चपटा लागतो, लव्हाळ्याचा तिधारी. तिन्ही कडा बोटाला कळतात.

आता एक काम करा. कोपऱ्यातल्या एका रोपाभोवती तांब्याभर पाणी ओता, अर्धा तास जाऊ द्या आणि रोप न उपटता बोटांनी माती बाजूला करत खाली जा. दोन-तीन इंचांवर पातीच्या कांद्यासारखा फुगीर बुंधा लागेल. खुरपणाऱ्याचा हात बहुतेक वेळा इथेच थांबतो. तुम्ही पुढे जा. बुंध्यातून तारेसारखी बारीक मुळी निघालेली असते. तिच्या टोकाला काळी, केसाळ गाठ असते, कधी हरभऱ्याएवढी, कधी शेंगदाण्याएवढी. तिच्यातून पुढे पुन्हा तार, पुन्हा गाठ, अशी माळच असते. एक गाठ नखाने तोडून पाहा. आत पांढरट निघेल आणि वास येईल तो दिवाळीच्या उटण्याचा. आयुर्वेदातली मुस्ता ती हीच.

हे हाताने पाहायला सांगते आहे कारण एकदा पाहिलं की दर रविवारी काय चुकतंय ते आपोआप समजतं. माळेतली एक गाठ फुटून वर आलेली असते तोवर बाकीच्या बऱ्याचशा झोपून असतात. आपण खुरपं मारतो तेव्हा वरचं पान आणि बुंधा निघतो, खाली माळ तुटते आणि सुट्या झालेल्या गाठींना फुटायची मोकळीक मिळते. एका दांड्याच्या जागी तीन येतात ते यामुळे. बियांचा यात फारसा हात नसतो. लव्हाळा पसरतो तो गाठींवर.

मी हे महाग पडून शिकले. सहकारनगरला आमच्या अंगणात वाफा करायचा म्हणून एका माती पुरवणाऱ्याकडून टेम्पोभर माती आणली होती. मला ‘चाळलेली, स्वच्छ’ असं सांगितलं होतं. पहिल्या पावसात संपूर्ण वाफा हिरवा झाला, आणि मला वाटलं मेथी उगवली. तो सगळा लव्हाळा होता. मग माणूस लावून कुदळीने सगळं खणून उलटंपालटं केलं, पाणी दिलं आणि लगेच वांगी लावली. तीन आठवड्यांत लव्हाळा दुप्पट झाला. खणणं चुकलं नव्हतं. खणून गाठी मातीतच ठेवल्या आणि वर पाणी दिलं, ते चुकलं.

या गाठीचं मर्म वाळण्यात आहे. ओल्या मातीत ती फार दिवस दम धरते, पण मातीबाहेर काढून कडक उन्हात टाकली आणि पूर्ण सुकली की संपते. शेतकरी उन्हाळी नांगरट करून रान तापत टाकतात त्यामागे हेही एक कारण असतं. तुम्ही विचारलंय मे महिन्याच्या सुरुवातीला, म्हणजे वेळ अगदी योग्य आहे. पुण्यात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरतो. त्याआधी वळवाची एखाददुसरी सर येतेच, म्हणून काम पंधरा मेच्या आत उरकायचं ठरवा.

वाफ्यात आता ठेवण्यासारखं काही नसेल तर आठ दिवस पाणी पूर्ण बंद करा. काळी माती ओली असेल तर चाळणीला चिकटते आणि अर्ध्यात काम सोडावं लागतं. मग एका टोकापासून फूटभर खोल खणत जा. बहुतेक गाठी वरच्या सहा-आठ इंचांत असतात, थोड्या खोल जातात. ढेकळं हाताने किंवा फावड्याच्या पाठीने फोडा. बांधकामावर वाळू चाळायला उभी करतात ती जाळी मिळाली तर उत्तम, पण तिची भोकं पाव इंचाची हवीत, अर्ध्या इंचातून लहान गाठी निसटतात. ४० चौरस फूट, फूटभर खोल म्हणजे ४० घनफूट माती, अर्ध्या ब्रासपेक्षा, म्हणजे ५० घनफुटांपेक्षा, थोडी कमी. घमेल्यांत मोजली तर सत्तर-ऐंशी घमेली होतील. एका माणसाचं एका दिवसाचं काम नाही हे. आम्ही दोघांनी तीन सकाळी, सात ते साडेनऊ, असं केलं होतं. मदतीला माणूस लावलात तरी चाळणीपाशी स्वतः बसा. गाठ आणि खडा यातला फरक ज्याचा वाफा आहे त्यालाच बघावासा वाटतो.

निघालेल्या गाठी गच्चीवर पत्र्यावर पातळ पसरून दोन-तीन आठवडे वाळवा. घरच्या कंपोस्टच्या पिंपात अजिबात टाकू नका. आपल्या पिंपात गाठ मरेल एवढी उष्णता क्वचितच तयार होते, आणि चार महिन्यांनी खत म्हणून तुम्हीच ती परत वाफ्यात घालाल. चाळलेली मातीही लगेच भिजवू नका. कडक उन्हात उघडी राहू द्या, चार-पाच दिवसांनी एकदा वरखाली करा. हातून सुटलेल्या बऱ्याच गाठी तिथेच वाळतात.

एवढं करूनही जूनमध्ये काही कोंब येतीलच. त्याने खचू नका. इथून दुसरं काम सुरू होतं ते उपासमारीचं. गाठीत साठवलेला शिधा वापरून कोंब वर येतो, पानं पसरली की उन्हावर अन्न बनवून खाली नव्या गाठी भरतो. रोपाला पाच-सहा पानं येण्याआधी ते काढलं तर नवी गाठ धरत नाही आणि जुनीतला शिधा खर्च झालेला असतो. म्हणून रविवारची वाट न पाहता दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी पाच मिनिटं वाफ्यावरून नजर फिरवा. ओल्या मातीत बोट घालून, बुंध्याखाली धरून सावकाश ओढलं तर बऱ्याचदा गाठीसकट येतं. नाही आलं तर मातीलगत कापा, पण ठेवू नका. पावसाळ्यात दहा-बारा दिवस गावाला जाणार असाल तर शेजारच्या कुणाला तरी हे सांगून जा, कारण तेवढी सवड लव्हाळ्याला पुरते. हा क्रम निदान एक पूर्ण पावसाळा आणि पुढचा उन्हाळा चालवावा लागतो. माझा वाफा दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीला मोकळा झाला.

तिसरी गोष्ट सावली, आणि माझ्या मते लोक सर्वात कमी लक्ष देतात ते इथेच. लव्हाळ्याला भर ऊन लागतं, दाट सावलीत तो मलूल होतो. त्यामुळे या पावसाळ्यात टोमॅटो, मिरची, वांगी असली मोकळी उभी पिकं या वाफ्यात घेऊ नका, त्यांच्यामध्ये ऊन जमिनीपर्यंत पोचतं. त्याऐवजी रताळ्याचे वेल लावा. जूनच्या शेवटी वीतभर वेलाचे तुकडे फूटभर अंतरावर लावले की ऑगस्टपर्यंत जमीन दिसत नाही. वेल पसरेपर्यंत लव्हाळा उचलत राहायचा, नंतर तो पानांखाली दबतो. आणि रताळी काढायला ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाफा खणावाच लागतो, तेव्हा उरलेल्या गाठी त्याच हाताने वेचून होतात. कार्तिकी एकादशीला घरची रताळी मिळतात हा वरचा लाभ. रताळी नको असतील तर चवळी दाट पेरा.

आच्छादनाबद्दल दोन शब्द. उसाचं पाचट, वाळका पालापाचोळा किंवा रसवंतीवरून आणून वाळवलेली चिपाडं तीन-चार इंच अंथरली की बियांवरचं तण, म्हणजे आंबुशी, दुधी, माठ, घोळ, खूप कमी होतं. लव्हाळा मात्र यातून सुईसारखा वर येतो. वर्तमानपत्र आणि पातळ काळं प्लॅस्टिकही तो भोसकतो. मेमध्ये पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून माती तापवायची पद्धत चांगली आहे: माती भिजवायची, प्लॅस्टिक ताणून कडा मातीत दाबायच्या, चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. वरच्या थरातलं बी त्याने मरतं, पण खोलवरच्या गाठींपर्यंत ती उष्णता पुरत नाही. शिवाय आजूबाजूच्या इमारतींची सावली दुपारनंतर वाफ्यावर येत असेल, आणि कोथरूडमध्ये ती येतेच, तर फळ आणखी कमी. म्हणून लव्हाळ्यासाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

मीठ कृपा करून टाकू नका. आपल्या काळ्या मातीतून पाणी सावकाश झिरपतं, मीठ तिथेच साठून राहतं. लव्हाळ्याआधी तुमची कोथिंबीर जाईल आणि माती पुढे कितीतरी दिवस बिघडलेली राहील. व्हिनेगरने पान करपतं, गाठीला काही होत नाही. ग्लायफोसेटसारखं तणनाशक पानातून खाली उतरतं हे खरं, पण झोपलेल्या गाठींपर्यंत ते पोचत नाही, आणि वाऱ्याने उडून शेजारच्या टोमॅटोवर गेलं तर तोही मरतो, कारण ते निवड करत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल करणाऱ्यांमार्फतच करायचा असं ठरवलं. घरातली मुलं जिथली भाजी खातात त्या ४० चौरस फुटांत मी ते कधीही मारणार नाही, आणि तुम्हालाही मारू देणार नाही.

बाकीची तणं सोपी आहेत. फक्त केन्याकडे लक्ष ठेवा. त्याची निळी फुलं वर दिसतात, पण तो जमिनीखालीही पांढुरकी बंद फुलं धरून तिथेच बी करतो, आणि तुटलेल्या पेराला ओल मिळाली की मुळं फुटतात. उपटलेला केना वाफ्याच्या कडेला टाकायचा नाही, फरशीवर उन्हात टाकायचा. घोळीचंही तसंच, उपटून मातीवर पडू दिली तर पडल्या पडल्या रुजते. तिची भाजी करा, मुगाची डाळ घालून छान होते. गाजरगवताचं एखादं रोप दिसलं तर फुलं यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट काढा. १९५० च्या दशकात भारतात या गवताची ठळक नोंद झाली ती आपल्या पुण्यातच. कुणाच्या त्वचेला खाज, कुणाला दम्याचा त्रास त्याने होतो, म्हणून लहान मुलांच्या हाती ते काम देऊ नका.

हरळी तुमच्याकडे लॉनमधून येतेय, फोटोत विटांच्या खालून शिरलेली दिसते. विटांच्या कडेने ती अडत नाही. शहाबादी फरशीचे तुकडे फरशीवाल्याकडे पडून असतात. ते फूटभर उंचीचे कापून उभे गाडा, दोन इंच मातीवर राहतील असे, आणि सांधे सिमेंटने बुजवा. आत असलेली हरळी पाणी देऊन मऊ मातीत काढा, पांढऱ्या धाटाचं एकेक पेर शोधून. लॉनमधली तशीच राहू द्या, गणपतीत दूर्वा म्हणून शेजारीपाजारी मागायला येतात.

आणि शेवटचं, लव्हाळा पुन्हा येतो तो बहुतेक रोपांच्या पिशवीतून. नर्सरीतून रोप आणलं की पिशवी फाडून मुळांवरची माती तपासा. काळी गाठ दिसली तर बादलीभर पाण्यात मुळं हलक्या हाताने धुवून घ्या आणि ते पाणी वाफ्यात न ओतता फडक्यातून गाळा. कच्चं शेणखतही थेट घालू नका, त्यात तणाचं बी जिवंत असतं. नवी माती आणाल तेव्हा दोन घमेली एका कुंडीत भरून पाणी देत तीन आठवडे ठेवा. त्यात काय उगवतं ते पाहूनच उरलेली वाफ्यात टाका.