पाटावरून उठवताना कमरेत चमक भरते

प्रश्न : इंदूरला एका आजींच्या सोबतीला असते. त्यांचं वजन ६५ किलो. मोरीत पाटावर बसवून अंघोळ घालते. उठवताना त्या माझ्या गळ्याला धरतात आणि कमरेत चमक भरते. पट्टा बांधू का?

उत्तर : ताई, पट्ट्याने इजा टळत नाही. आधी तो पाट काढा. इतक्या खालून उठवताना जवळजवळ सगळा भार तुम्ही वाकून, अंग पिळून उचलता. रुग्णाला हाताने उचलण्याची अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा आहे सुमारे १६ किलो, तीही भार अंगालगत असेल तर!

हात असलेली, रबरी बुडांची खुर्ची घ्या, साधारण ४५ सेंटीमीटर उंचीची. उठताना आजींनी खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकावं, पावलं मागे घ्यावीत, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन पुढे झुकावं. तुम्ही बाजूला उभ्या राहा, एक पाय पुढे. गळा मात्र धरू देऊ नका. त्यांचा तोल गेला की वजन तुमच्या मानेवर येतं. पाय धुताना स्टुलावर बसा.

आणि तेल! ते अंघोळीनंतर लावा. तेलकट दंडावरून हात सटकतो, सावरायला तुम्ही झटका देता आणि तिथेच कंबर धरते. टॉवेलचा दांडा आधाराला नको, तो उखडतो. आजी घसरल्याच तर वर ओढू नका, अंगालगत हळूहळू खाली टेकवा.

तुमचा पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.