करूरची बँक सिंगापूरकडे का गेली

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुला कर्ज विभागात घेतलं, फार आनंद झाला. आधी काय वाचू, असं विचारलंस. नियमांची पुस्तकं बँक देईलच. तू लक्ष्मी विलास बँकेचे जुने वार्षिक अहवाल काढ.

१९२६ साली तमिळनाडूतल्या करूरला सात व्यापाऱ्यांनी ही बँक काढली, पुढाकार व्ही. एस. एन. रामलिंग चेट्टियार यांचा. करूर हे कापडाचं गाव. आसपासच्या व्यापाराला, शेतीला भांडवल मिळावं, एवढाच हेतू होता. अशा गावात कर्जदाराची पत कागदाआधी पेठेत कळते. पुढे बँक मोठ्या उद्योगांच्या कर्जांकडे वळली आणि ती ओळख सुटली. मार्च २०२० अखेर कर्जाच्या दर १०० रुपयांतले २५ थकीत होते.

रेलिगेअर फिनव्हेस्ट या वित्त कंपनीच्या ठेवींचं प्रकरण मात्र सावकाश वाच. ७९४ कोटींच्या ठेवी बँकेने दुसऱ्याच कंपन्यांच्या कर्जापोटी वळत्या केल्या आणि वाद कोर्टात गेला. ठेव एकाची, कर्ज दुसऱ्याचं, असा प्रस्ताव टेबलावर आला की ठेवीदार कंपनीच्या संचालक मंडळाचा ठराव स्वतः वाच. साहेब घाईत आहेत म्हणून मी एकदा ठराव न बघता सही केली होती. कर्ज फिटलं, पण ते फिटेपर्यंत मला धड झोप नव्हती.

नंतरचं भराभर झालं. सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, पुढच्याच महिन्यात इंडियाबुल्स हाउसिंग या गृहकर्ज कंपनीबरोबरचं विलीनीकरण नाकारलं. सप्टेंबर २०२०च्या सभेत भागधारकांनी सात संचालकांना घरी पाठवलं. १७ नोव्हेंबरला पैसे काढण्यावर २५,००० रुपयांची मर्यादा आली आणि २७ तारखेला ५६३ शाखांची बँक सिंगापूरच्या डीबीएस बँकेच्या भारतीय उपकंपनीत विलीन झाली. डीबीएसने २,५०० कोटी ओतले. शंभरी सहा वर्षांवर आली होती गं!

ठेवीदारांचा पैसा वाचला, नोकऱ्या राहिल्या, म्हणून तो निर्णय मला योग्यच वाटतो. भागधारकांच्या हाती मात्र एक रुपयाही आला नाही. सगळं भागभांडवल निर्लेखित झालं, म्हणजे हिशेबातून शून्य करून टाकलं. त्यातल्या लहान भागधारकांसाठी आजही जीव तुटतो.

२०१५ ते २०२०चे अहवाल शेजारी शेजारी ठेव आणि मोठ्या कर्जदारांचा वाटा कसा बदलला ते वहीत उतरव. रविवारी वही घेऊन घरी ये, बरोबर बसू.

तुझा,
काका