फ्रीज घ्या, टीव्ही थांबवा. पण आधी कार्ड फेडा

नाशिकहून एका शिक्षिकाताईंचं पत्र आलंय. त्यांचे मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात आहेत, हातात ४१ हजार येतात. ताईंना शाळेचे २४ हजार मिळतात. घराचा हप्ता १७,५०० रुपये. दिवाळीआधी मिस्टरांना ५२ हजार बोनस हातात मिळणार आहे आणि त्यावरून घरात वाजलंय. मिस्टरांना सेलमध्ये ४८ हजारांचा ५५ इंची टीव्ही हवाय, बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यांवर. शिवाय स्वतःसाठी ३६ हजारांचा फोन, चोवीस हप्त्यांत. हप्त्यांवर घेतलं की बोनस दिवाळीला मोकळा राहतो, आणि ओढाताण झालीच तर म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी तीन हजारांची एसआयपी वर्षभर थांबवू, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी उलट टोक गाठलंय: सेल म्हणजे लोकांना वेडं करायचा धंदा, या घरात सेलमधली एकही वस्तू येणार नाही. त्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, सणासुदीला इतका चिकटपणा बरा नव्हे." ते ताईंना लागलंय. "मी चुकतेय का?" एवढंच त्या विचारतात.

पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं त्यांनी आणखी काही लिहिलंय. क्रेडिट कार्डावर ३८ हजार बाकी आहेत, मागच्या दिवाळीची खरेदी आणि मे महिन्यातलं दिराचं लग्न यांचे. महिन्याला तीन हजार भरतात. मिस्टरांच्या आताच्या फोनचा २,४५० रुपयांचा हप्ता एप्रिलपर्यंत आहे. अडीनडीला ४० हजारांची एफडी आहे. बारा जणींची दीड हजारांची भिशी आहे, फेब्रुवारीत यांचा नंबर. आणि फ्रीज चौदा वर्षांचा आहे. दाराचं रबर सैल झालंय, खाली पाणी साचतं, सासूबाईंचं इन्सुलिन त्यातच असतं.

ताई, मला तुमचं खरं पत्र या शेवटच्या ओळींतच दिसलं. टीव्ही, फोन आणि सेल यांवरचं भांडण दोन पानांचं आहे. जिथे रोज पैसा गळतोय ते कार्ड आणि ज्यावर एका माणसाचं औषध अवलंबून आहे तो फ्रीज, यांना मिळून चार ओळी. म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

कार्डाच्या थकबाकीवर बँका साधारण महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. ३८ हजारांवर ते १,३३० रुपये होतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २३९. तुम्ही तीन हजार भरता त्यातले जवळजवळ १,५७० रुपये असे जातात आणि मुद्दल जेमतेम १,४३० रुपयांनी कमी होतं. मागच्या दिवाळीच्या खरेदीत जी काही सूट मिळाली असेल ती या व्याजात केव्हाच विरघळली. तुमच्या स्टेटमेंटवर व्याजदर छापलेला असतो, तो एकदा दोघांनी मिळून वाचा. एकट्यानं वाचून दुसऱ्याला सुनावू नका.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. कार्डाची मागची बाकी शिल्लक असेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. समजा तुम्ही २७ हजारांचा फ्रीज याच कार्डावर घेतला आणि सेलमधल्या दहा टक्के सवलतीचे, तिची कमाल मर्यादा धरून, १,५०० रुपये वाचवले. त्या २७ हजारांवर पहिल्याच महिन्याचं व्याज आणि कर मिळून अकराशेच्या वर जातात. दीड महिन्याच्या आत ती सूट संपते आणि फ्रीजचं कर्ज तसंच उरतं. तेव्हा कार्डावरची सूट तुमच्यासाठी नाहीच, असं धरून चाला. ती फक्त पूर्ण बिल भरणाऱ्यांच्या कामाची असते.

आता मिस्टरांच्या बेताकडे येतो. त्यांना मी वेडं ठरवणार नाही. वर्षभर पाळ्या करून बोनसच्या वेळी घरात काही नवं यावं असं वाटणं यात काही वावगं नाही, आणि नो-कॉस्ट हा शब्द ऐकून भुललेले ते एकटे नाहीत. रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, व्याज कुठे ना कुठे लपवून ग्राहकाकडूनच घेतलं जातं. तुमच्या टीव्हीचा हिशेब मांडून बघू. ४८ हजार, बारा हप्ते, महिन्याला चार हजार. बँक साधारण १५ टक्के दर धरते तेव्हा या हप्त्यांत सुमारे ३,७०० रुपये व्याज असतं. दुकानदार किंवा कंपनी तेवढी रक्कम किमतीतून कमी करून दाखवते, म्हणून बेरीज ४८ हजारच येते. पण कार्डावरच्या ईएमआयमध्ये त्या व्याजाचा जीएसटी तुम्ही भरता, साधारण ६६० रुपये. प्रोसेसिंग फी २०० च्या आसपास आणि तिच्यावरही कर. म्हणजे नऊशे रुपये गेले. एकरकमी पैसे देणाऱ्याला वेगळी सूट असेल तर तीही गेली.

पण नऊशे रुपयांसाठी मी कुणाचा टीव्ही अडवणार नाही. माझी अडचण महिन्याच्या ओझ्याची आहे. आज घराचा हप्ता, फोनचा हप्ता आणि कार्डाचे तीन हजार मिळून २२,९५० रुपये जातात. ६५ हजारांच्या मिळकतीत शंभरातले ३५. त्यात टीव्हीचे चार हजार आणि नव्या फोनचे दीड हजार घातले की २८,४५० होतात, शंभरातले ४४. उरलेल्या पैशात किराणा, मुलाची फी, सासूबाईंची औषधं, गावचं जाणंयेणं. बोनस मोकळा ठेवायचा म्हणून पुढचे बारा पगार बांधून घ्यायचे, हा व्यवहार मला पटत नाही. बोनस फराळ, कपडे आणि पाहुण्यांत डिसेंबरपर्यंत संपेल. हप्ते पुढच्या दिवाळीपर्यंत चालतील.

फोनचं तर मी सरळ नाही म्हणतो. ज्या फोनचे सात हप्ते अजून द्यायचेत तो चालू स्थितीत असताना दुसरा घेणं हे तुमच्या मिळकतीला झेपणारं नाही. एप्रिलपर्यंत हा विषय बंद ठेवा.

टीव्हीबद्दल मिस्टरांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पूर्ण फायदा पुढे दिला तर किंमत जवळजवळ आठ टक्क्यांनी उतरते, ही मोठी रक्कम आहे. पण ही करकपात सेलच्या घड्याळाबरोबर संपत नाही. ती फेब्रुवारीतही असेल आणि, सरकारनं दर पुन्हा बदलले नाहीत तर, पुढच्या दसऱ्यालाही. "आता नाही घेतला तर गेला" असं ज्याच्या जोरावर ते म्हणतायत, नेमकं तेच कारण थांबायला सगळ्यात सोयीचं आहे. आणि फ्रीजवर किंवा मोबाइलवर "जीएसटी कमी झाला म्हणून स्वस्त" असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. त्यांच्यावर आधीपासूनच १८ टक्के होता, तो बदललेला नाही.

सेलच्या पानावर मोठा आकडा खोडून छोटा दाखवतात, तेव्हा खोडलेली ती एमआरपी असते. एमआरपी ही कमाल मर्यादा. त्या भावानं फ्रीज-टीव्ही एरवीही फारसं कुणी विकत नाही. तुलना करायची तर तीन आठवड्यांपूर्वीच्या विक्रीच्या भावाशी करा, आणि तुमच्या नाशिकच्या एमजी रोडवरच्या दोन दुकानांतल्या रोख भावाशी. उलटी मोजणारी घड्याळं, "फक्त दोन शिल्लक" असल्या खोट्या घाईला आणि टोपलीत आपोआप पडलेल्या विम्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई आहे. तेरा प्रकारांची यादीच त्यात दिली आहे. तक्रार १९१५ या क्रमांकावर करता येते.

आता तुमच्याबद्दल, ताई. तुम्ही चुकताय का? अर्ध्या.

हप्त्यांना तुम्ही नाही म्हणताय ते बरोबर आहे, आणि नणंदेच्या बोलण्यानं ते बदलू नका. पण "सेलमधलं काहीच नको" हा तुमचा नियम घराला वाचवत नाही. त्याच नियमापायी मागच्या तीन दिवाळ्यांत फ्रीज लांबणीवर पडला, असं तुम्हीच लिहिलंय. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांच्या मध्ये ठेवावं लागतं. दार नीट न बसणाऱ्या फ्रीजवर तेवढा भरवसा मला ठेवावासा वाटत नाही. साधेपणानं राहणं मला मनापासून आवडतं. पण साधेपणाची झळ घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसत असेल तर तिथे हात सैल सोडायला हवा. शिवाय काहीच न घेऊन वाचलेले पैसे तुमच्याकडे कुठे साठलेले दिसत नाहीत. तुमचा नकार आणि कार्डाची बाकी एकाच घरात सुखानं नांदतायत, याचा अर्थ नकाराला अजून हिशेबाची जोड मिळालेली नाही.

आपल्याकडे साडेतीन मुहूर्तांवर मोठी खरेदी करायची रीत आहे. तिच्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते: वस्तू आधी ठरायची, पैसे महिनोन्‌महिने बाजूला पडायचे आणि मुहूर्ताला ती घरी यायची. मुहूर्त थांबायला लावायचा. या कसोटीवर तुमच्या यादीत एकच वस्तू उतरते, जी सेलची जाहिरात येण्याच्या कितीतरी आधीपासून हवी होती.

तेव्हा माझा सल्ला असा. बोनस जमा झाला की त्याच दिवशी ३८ हजार कार्डात भरा. उरले १४ हजार. फ्रीजसाठी २७ हजार धरले तर १३ हजार कमी पडतात, ते एफडीतून काढा. अडीनडीच्या पैशाला हात लावायला मी सहसा सांगत नाही, आणि ४० हजार तुमच्या घराला तसे कमीच आहेत. पण फेब्रुवारीत भिशीचे १८ हजार येतायत. ते टीव्हीकडे न वळवता थेट एफडीत गेले की खड्डा भरून वर पाच हजार चढतात. फ्रीजसुद्धा हप्त्यांवर घेता येईल, पण कार्ड नुकतंच मोकळं झालेलं असताना त्याच्यावर लगेच नवं ओझं नको. फ्रीज घेताना लेबलवरचे वार्षिक युनिट बघा. दोन मॉडेलांत वर्षाला शंभर युनिटांचा फरक असेल तर महावितरणच्या बिलात तो दरवर्षी दिसतो, आणि फ्रीज तुम्ही दहा-बारा वर्षं वापरणार आहात.

फराळ, मुलाचे कपडे यासाठी बोनसमधलं काही उरत नाही, हे मला कळतंय. ते यंदा पगारातून करा, आटोपशीर. मिस्टरांना हे कठीण जाईल, म्हणून त्यांच्यासमोर टीव्हीचा नकार ठेवू नका, टीव्हीची तारीख ठेवा. कार्ड फिटल्यावर महिन्याला तीन हजार सुटतील. ते एफडीच्या शेजारी आरडीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीत, जाऊ द्या, तुमचा अडीनडीचा निधी निदान तीन महिन्यांच्या खर्चाएवढा होईपर्यंत. एप्रिलमध्ये फोनचा हप्ता संपेल. मेपासून तेच २,४५० टीव्हीच्या नावानं वेगळ्या आरडीत टाका, पुढच्या दिवाळीपर्यंत साधारण १४,७०० जमतील. बाकीचे पुढच्या बोनसमधून. टीव्ही येईल, रोख येईल, आणि तो निवडायचा मान मिस्टरांचाच.

एसआयपी चालू ठेवा. बोनस येणार नसता तर मीच म्हटलं असतं की ती थांबवा आणि आधी कार्ड फेडा, कारण एवढं व्याज भरून निघेल असा परतावा कुठलीही एसआयपी खात्रीनं देत नाही. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही.

नणंदेला काही उत्तर द्यायची गरज आहे असं मला वाटत नाही. मिस्टरांशी मात्र बोला, आणि "मी म्हणत होते ना" इथून सुरुवात करू नका. सासूबाईंच्या औषधापासून सुरू करा. त्यावर तुम्हा दोघांत मतभेद नसणार.

शेवटी कार्डाबद्दल एक बारीक पण महत्त्वाची सूचना. स्टेटमेंटवरची रक्कम भरलीत तरी स्टेटमेंटच्या तारखेपासून भरल्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं, काही शे रुपये. ते बघून घाबरू नका आणि ते बाकीही ठेवू नका. भरण्याआधी बँकेच्या ग्राहक सेवेला फोन करून आजच्या तारखेची पूर्ण रक्कम विचारून घ्या, पुढचं बिल शून्यावर येईपर्यंत कार्ड वापरू नका आणि बँकेच्या ॲपमधून त्याचे ऑनलाइन व्यवहार बंद करून ठेवा. शून्याचं बिल आलं की मला कळवा, मग निधीचे आकडे नीट मांडू.